पानवेलीत अनवाणी

६ नोव्हेंबर २००६

लतिके, तू ही वही वाचायला घेशील, अर्ध्यात चहा ठेवायला उठशील आणि परत येऊन विचारशील, मी कुठल्या पानावर होते. म्हणून मास्तरांकडून आधीच पानांवर आकडे घालून घेतलेत. मला आकडा वाचता येत नाही, पण तू कुठे हरवशील ते वाचता येतं. माझा मोठा स्टीलचा डबा दोन गणपतींपूर्वी सोलापूरला नेलास. "पुढच्या खेपेला आणते" म्हणालीस. त्या डब्याला एव्हाना तिकडचं रेशनकार्ड मिळालं असेल.

दर रविवारी फोनवर तेच. तुझ्या भावाला, प्रल्हादला काय झालं, कधीपासून झालं, डॉक्टर काय म्हणाले. मी सांगते, आणि पुढच्या रविवारी तू पुन्हा विचारतेस. म्हणून ठरवलं, रोजचं रोज लिहून ठेवायचं. मी बोलायचं, ॲन्सेल्म मास्तरांनी लिहायचं. तुझ्या बाबांचे मित्र, शेजारच्या वाडीतले. शाळा सुटल्यापासून त्यांना कुणाला रागवायला मिळालेलं नाही. ते म्हणतात, "वहिनी, दैनंदिनी स्वतःसाठी असते. त्यात लेकीला हाका कशाला?" मी म्हटलं, स्वतःशी बोलायला मला वही लागत नाही.

तर लिहा मास्तर. प्रल्हादच्या डाव्या पायाच्या करंगळीला नवरात्रात काहीतरी लागलं. काय लागलं ते त्याला कळलंच नाही, रक्त बघून सुमेधाने विचारलं तेव्हा समजलं. महिना झाला तरी जखम ओलीच. डॉक्टर रुडॉल्फनी रक्त तपासलं. उपाशीपोटी साखर दोनशे ऐंशी. वय एकोणचाळीस, अंगाने केळीच्या सोपटासारखा बारीक, पोराला पेढा दिला तर खिशात विसरतो. आपल्या घरात कुणालाच हा आजार नव्हता. तुझे बाबा विद्याधर गेले ते हृदयाने. मी चौऱ्याहत्तरची, मला अजून सगळं पचतं.

डॉक्टर म्हणाले, जखम भरली नाही तर करंगळी काढावी लागेल, आणि तिथेच थांबेल याची खात्री नाही.

आज एवढंच. मास्तरांचा चष्मा पुसून झाला की पुढचं.


९ नोव्हेंबर

साखर घरात कुठून शिरली याचा तपास मी हाती घेतलाय. संशय सुमेधावर. तुझी भावजय चहात दोन चमचे घालते. मी तिसरा चमचाही एकदा पाहिलाय.

"आई, तो तिसरा चमचा तुमच्या कपात जातो," ती म्हणाली.

मी म्हटलं, "माझ्या कपाचा विषय नाही चाललेला."

सुकेळ्यांची बरणी कुलपात ठेवली. आपल्याच केळ्यांची, उन्हात वाळवलेली, मधासारखी. किल्ली कमरेला. प्रल्हाद हसला. म्हणाला, "आई, मी सुकेळी खाल्ल्याला दोन वर्षं झाली, तू कुणापासून लपवतेस?" ते खरंच आहे, पण चोर सापडेपर्यंत सगळ्यांचीच झडती घ्यावी लागते.

दुपारी त्याला वाडीत ताक नेऊन दिलं. बिनसाखरेचं, मीठ-जिरं घातलेलं. पूर्वी तू नेलेल्या त्या स्टीलच्या डब्यातून न्यायचे. हल्ली गवत मारायच्या औषधाचा पांढरा डबा आहे ना, झाकणाचा, त्यातून नेते. राखेने तीनदा घासलाय, वास गेलाय. काय मजबूत डबे करतात. असे चार जमलेत, एकात आमसुलं आहेत.


१७ नोव्हेंबर

आज फवारणी झाली. गवत गुडघ्यापर्यंत आलं होतं, पाटातलं पाणी पुढे जाईना. पानवेलीला पाणी तुंबलं की मूळ कुजतं. तू बँकेत बसून हे विसरली असशील, म्हणून सांगते. पूर्वी खुरपणीला पाड्यावरच्या बायका यायच्या, सोमी आणि तिच्या चौघीजणी. सात वर्षांपूर्वी त्या नायगावच्या बिल्डिंगांवर विटा वाहायला गेल्या, त्या गेल्याच. तेव्हापासून पाठीवर पंप घेऊन प्रल्हादच फवारतो. औषध वेलीवर उडू नये म्हणून नळीला प्लास्टिकची वाटी लावून, कंबरेत वाकून, पायाजवळ मारत जातो. पंप सांध्यातून गळतो, सदरा पाठीला चिकटतो. सुमेधा कटकट करते, सांधा बदला म्हणून.

डॉक्टरांनी त्याला बूट घालायला सांगितलेत. बूट घालून तो वाडीच्या तोंडाशी आला, दगडाजवळ थांबला. तुला तो दगड आठवतो का? चपलांचा. तुझ्या आजेसासऱ्यांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून वेलीत कुणी पायताण घालून गेलेलं नाही. देवाला विडा ठेवतो तो त्या पानाचा. प्रल्हादने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती. त्याने बूट काढले, पट्टीवरून फडकं गुंडाळलं आणि आत गेला.

माझ्या पोराने शिरस्ता मोडला नाही, हे लिहा. मास्तर म्हणाले, "लिहितो," पण पेन उचलायला त्यांना वेळ लागला.

(मास्तर, आजेसासरे काय लिहिलंत? लतिकेचे ते आजोबा. खोडा. नको, राहू दे, तिला हसू दे.)


१८ नोव्हेंबर

फडकं औषधाने भिजलं होतं. सुमेधाने रात्री सोडलं तेव्हा जखमेभोवती लाल झालेलं. आज ताप. डोकं जड, तोंडाला कडू पाणी. दर फवारणीनंतर त्याला असं होतं, उन्हाने होतं.


२ डिसेंबर

डॉक्टर रुडॉल्फ घरी आले. पूर्वी त्यांचे वडील याच पायऱ्यांवर बसून माझ्याकडून पानं न्यायचे, म्हणून हा मुलगा मला काकी म्हणतो. साखर अडीचशेच्या खाली येत नाही, गोळ्या चालू असून. त्यांनी पाय पाहिला, मग वही काढली. म्हटलं, आता पथ्य सांगतील. तर विचारायला लागले, वाडीत काय काय करतोस, फवारतं कोण, किती वर्षं, महिन्यातून किती वेळा.

प्रल्हाद बोलेना, म्हणून मी उत्तरं दिली. सात वर्षं. पावसाळ्यात जास्त. फवारतो एकटाच, गडी लावत नाही.

"हातमोजे?"

"तो काय साहेब आहे, हातमोजे घालायला?"

"पायात काय असतं?"

मी अभिमानाने सांगितलं, "काही नाही. आमच्या वेलीत कुणी पायताण घालत नाही."

त्यांचं लिहिणं थांबलं. मग सावकाश म्हणाले, "काकी, परदेशात फवारणाऱ्या शेतकऱ्यांचा अभ्यास चाललाय. काही तणनाशकं वर्षानुवर्षं हाताळणाऱ्यांत साखर जास्त आढळते, असं काहींना दिसलंय. का, ते अजून कुणी नीट सांगू शकत नाही. कातडीतून औषध आत जातं, हे मात्र नक्की. जखम असेल तर जास्तच."

सुमेधा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "मी दोन वर्षांपासून सांगतेय, फवारणीच्या दिवशी हे जेवत नाहीत."

मी म्हटलं, "गवताच्या औषधात कुठे साखर असते?"

"साखर नसते काकी. पण साखर वापरायची शरीराची जी रीत आहे, ती कदाचित बिघडत असेल. कदाचित म्हणतोय. प्रल्हादला त्यानेच झालं असं मी लिहून देऊ शकत नाही. आईवडिलांकडून न येता, बारीक माणसालाही हा आजार होतो. पण पुन्हा फवारू नका, आणि अनवाणी तर मुळीच नको. याच्या पायाला आता काटा टोचलेला कळत नाही."

हे 'कदाचित' मला आवडलं नाही. एक तर हो म्हणावं, नाहीतर नाही. निम्म्या शब्दावर आमच्या सासऱ्यांचा दगड उचलायचा?


५ डिसेंबर

मी स्वतः चौकशी केली. पलीकडचा ज्युलियस दहा वर्षं फवारतो, त्याला साखर नाही. चर्चच्या मागचा प्लासिड, त्याच्या वाडीत औषधाचा थेंब नाही, त्याला साखर आहे. झालं. डॉक्टरांचा हिशेब चुकला.

मास्तर म्हणाले, "प्लासिड नाताळचा केक ईस्टरपर्यंत पुरवून खातो, वहिनी."

"मग?"

"आणि ज्युलियस गमबूट घालतो. त्याची पानवेल नाही, केळीच आहे."

मी म्हटलं, "लिहायला बसलात की साक्ष द्यायला?"

त्यानंतर ते गप्प राहिले. मला त्यांच्या गप्प बसण्याचा राग आला, हेही लिहा. लिहिलंत? वाचून दाखवा.


११ डिसेंबर

करंगळी काढली. मोठ्या दवाखान्यात, सकाळी.

बाकीची बोटं राहतील का ते महिन्याभरात कळेल.

त्याने शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं, सांगू? "पाटाला पाणी सोडलं का कुणी?"

मास्तर, आज पुरे.


२४ डिसेंबर

मास्तरांना आज संध्याकाळी चर्चला जायचंय, म्हणून दुपारीच आले, येताना नाताळच्या गोड नेवऱ्या आणल्या आणि प्रल्हादला बघून पिशवी पाठीमागे धरली. म्हातारा माणूस पिशवी लपवताना किती वाईट दिसतो.

प्रल्हाद घरी आहे. काठी घेऊन ओटीपर्यंत येतो. इथून वाडी दिसते, तेच वाईट. गवत पुन्हा वर आलंय, दोन ओळींतली पानं पिवळी पडली. काल म्हणाला, "पाय भरला की औषधाचा एक हात मारून घेतो. बूट घालून मारतो, आई, तू फक्त हो म्हण."

मी हो म्हणायच्या आत सुमेधा उठली. पंप तिने कुठे ठेवलाय ते मलाही सांगितलेलं नाही. मग ती मागच्या पडवीत गेली आणि माझे पांढरे डबे घेऊन आली. चारही. आमसुलं अंगणात ओतली.

"ताक यातून जायचं," ती प्रल्हादला म्हणाली. मला नाही. "रोज. दोन वर्षं."

मी म्हटलं, "राखेने तीनदा घासलेले आहेत ते."

या मुलीला पंधरा वर्षं मी बोलते आणि ती परत बोलते, असाच आमचा संसार. काल ती बोलली नाही. माझ्याकडे बघितलं, आणि तिला रडू आलं.

प्रल्हाद म्हणाला, "जाऊ दे गं. आईला काय माहीत. डब्यावर कवटीचं चित्र असतं, ते पावसाने निघून जातं."

चित्र होतं. मी बघितलं होतं. मला वाटलं, कंपनीचा शिक्का आहे. अक्षर मला येत नाही ते ठीक, पण चित्रसुद्धा वाचता येऊ नये?

मग मी कोयता घेतला आणि चारही डब्यांना भोकं पाडली. पुन्हा कुणाच्या उपयोगी पडायला नकोत. एकाला सात पाडली.

लतिके, तू डबा आणला असतास तर, असं एकदा मनात आलं. मग लाज वाटली. डबा माझा होता, तोंडही माझं होतं, मागायचा होता.


१५ जानेवारी २००७

काल संक्रांत झाली. तिळगूळ केला नाही. शेजारची पोरं आली, त्यांच्या हातावर शेंगदाणे ठेवले. एक पोरगी म्हणाली, "आजी, गोड कसं बोलायचं मग?" मी म्हटलं, खारं बोल, सवय होते.

आज रिक्षा केली आणि नायगावला गेले. एकटी. सुमेधाला सांगितलं देवळात जाते. इथली वाट मला पाठ होती, पण खाडीकडचं आता काही ओळखीचं राहिलं नाही, मिठागरं होती तिथे बांबूचे पिंजरे, आत सिमेंटचे मजले. तिथे विचारत विचारत सोमीला शोधली. डोक्यावर घमेलं, पायात पुरुषी बूट. केस पिकलेत.

म्हटलं, "सोमी, आमच्या वाडीत गवत झालंय."

"औषध मारता ना तुम्ही."

मी प्रल्हादचं सांगितलं. तिने घमेलं खाली ठेवलं. लहान असताना तिच्याच पाठीवर बसून तो वाडीत फिरायचा. ती म्हणाली, "रविवारी सुट्टी असते आमाला. हा रविवार सोडून येऊ पाचजणी. पन दुपारचं जेवन पायजे. पातळ पेज नाय."

"देईन."

"आनि चपला नाय काढनार."

मी म्हटलं, "वेलीत—"

"बाय, तुला आठवत नाय का?" तिने बूट काढला. टाच सिमेंटने खाल्लेली, भेगांतून लाल दिसत होतं. दुसऱ्या पायावर जुना व्रण, लांब. "तुझ्याच वाडीत काच लागली होती. सहा टाके. पुढल्या आठवड्यात मी चपला घालून आत आले, तर तू माझ्या चपला काढून पाटात टाकल्यास. सगळ्यांसमोर. मग आमी नाय आलो."

मास्तर, हे जसंच्या तसं लिहा. मला आठवत नव्हतं. सात वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की त्या बायका विटा वाहायला पळाल्या. तुलाही फोनवर तेच सांगितलं. मला तसंच आठवत होतं, देवाशपथ. तिने सांगितलं तेव्हा एकदम दिसलं, पाटाच्या पाण्यात एक निळी चप्पल तरंगत चालली होती आणि मी कंबरेवर हात ठेवून उभी होते.

त्या गेल्या, म्हणून पंप आला.

लोकांच्या विसरण्यावर मी वही सुरू केली. पहिलं पान कुणी फाडू नये. तसंच राहू दे.

परत येताना रिक्षावाल्याला आपल्या पापडी गावाशी थांबायला सांगायचं विसरले, तो पुढे घेऊन गेला.


२१ जानेवारी

बोटं राहिली. डॉक्टर रुडॉल्फ म्हणाले, जखम कडेने भरत आलीय. साखर एकशे ऐंशी. मी विचारलं, औषध बंद केलं म्हणून उतरली का? ते म्हणाले, "गोळ्या, पथ्य, आराम, जखम, काय काय आहे काकी. कशाने किती, ते मी नाही सांगू शकत."

या वेळी ते 'कदाचित' मी घरी घेऊन आले. काय करणार, तेवढंच दिलंय त्यांनी.

प्रल्हादला म्हटलं, "तुझे बूट मी काढायला लावले."

तो पानांची जुडी बांधत होता. म्हणाला, "तू कुठे बोललीस काही?"

"तेच म्हणते."

त्याने जुडी बांधून पूर्ण केली, केळीच्या सोपाने आवळली. मग म्हणाला, "मलाच वेलीत पायताण नको वाटायचं, आई. अजूनही नको वाटतं." ही त्याने माझ्यावर केलेली माया आहे की खरं आहे, मला समजलं नाही. मास्तरांना विचारलं, तर म्हणाले, दोन्ही असेल. हल्ली सगळे डॉक्टर झालेत.


२८ जानेवारी

आज रविवार. आठ वाजता पाचजणी आल्या. दोघींच्या पायात चपला, तिघींच्या बूट. दगडापाशी येऊन सगळ्या थांबल्या, सोमीसुद्धा. एवढी बोलणारी, पण थांबली. सवय कशी असते बघ.

मी दगडावर जाऊन बसले. चपला ठेवायला जागाच उरली नाही. म्हटलं, "ऊन चढायच्या आत लागा कामाला."

त्या आत गेल्या. चपलांचा आवाज ओल्या मातीत कसा येतो ते मी पहिल्यांदा ऐकलं. मागोमाग प्रल्हाद, काठी घेऊन, ज्युलियसने दिलेले गमबूट घालून. वेल पाहत पाहत चालला होता. एकदा खाली पायांकडे बघून थांबला. मग पुढे गेला.

संध्याकाळी देवापुढे विडा ठेवला. म्हटलं, सासऱ्यांना काय सांगू? मग म्हटलं, त्यांना सांगते, औषध थांबलं की तुमचा दगड परत मोकळा करीन. खोटं बोलले. औषध थांबलंय आणि दगड मी मोकळा करणार नाही.

पाचजणींना मी वाढलं. तांदळाची भाकरी, वाल, सुकट. सोमी म्हणाली, "पातळ नाय केलंस." आमच्या बाजारात एवढीच शाबासकी मिळते.

आता लतिके, नीट वाच, चहा नंतर ठेव. दर रविवारी पाचजणी जेवणार, आणि प्रल्हादला डॉक्टरांनी भात कमी करून भाकरी सांगितलीय. तर तिकडची ज्वारी पाठव, जुनी नको, नव्या हंगामाची. आणि शेंगांची चटणी, लसूण सढळ, तिखट कमी, गूळ चिमूटभरसुद्धा नको. चटणी माझ्या स्टीलच्या डब्यात भर, झाकण घट्ट लाव, आणि तो डबा परत मागू नकोस.